कोवळ्या शेंगांची प्लेट

मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या परदेशी हॉटेलचं मेनूकार्ड वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या माणसाने सावकाश वाचलं, तर ते त्याला पीक पाहणीच्या नोंदीसारखं वाटेल. जपानी पानावर सोयाबीन, तेही दोन-तीन रूपांत. लेबनॉनच्या पानावर हरभरा, एकदा वाटून आणि एकदा तळून. मेक्सिकोच्या पानावर मका. आणि शेवटी, पोटाला हलकं म्हणून काचेच्या बरणीत जे काही देतात, त्यात चिया. यादीत तूर तेवढी नाही. बाकी त्या तालुक्यातल्या इंझोरी गावाच्या आणि आसपासच्या शिवारांत खरीप-रब्बीला जे उभं असतं, ते बहुतेक सगळं तिथे नाव बदलून बसलेलं आहे.

चियाचंच घ्या. मूळ मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं हे बी. गेल्या काही रब्बी हंगामांत वाशिम जिल्ह्यात त्याचा पेरा झपाट्याने वाढला. सुरुवातीला माल विकायला मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारापर्यंत जावं लागायचं. आता वाशिमच्या बाजार समितीतही त्याची खरेदी होते. शेतकऱ्याने चिया धरलं ते पौष्टिक आहे म्हणून नाही. त्याला पाणी कमी लागतं, फवारण्या कमी लागतात आणि मुख्य म्हणजे रोही आणि रानडुकरं त्याला तोंड लावत नाहीत. ज्या पिकाला उपाशी रानडुक्करही हुंगून सोडून देतं, ते शहरात लोक दुधात भिजवतात, वर आंब्याच्या फोडी मांडतात, आधी फोटो काढतात आणि मग खातात. यात चेष्टा नाही. भिजलेलं चिया मीही खाल्लंय. त्याला स्वतःची अशी चव नाही, ज्यात घालाल त्याची लागते.

परदेशी जेवण आपल्याकडे मॉलबरोबर आलं, अशी एक समजूत असते. मॉल तसे अलीकडचे. मुंबईत ताडदेवला 1999 साली क्रॉसरोड्स सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला गर्दी आवरण्यासाठी मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्यांकडून आत जायचेच पैसे घेत. मॅकडोनाल्ड्स त्याच्या तीन वर्षं आधी, 1996 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आणि लगेच मुंबईत आलं. पण तालुक्याच्या गावात रस्त्याकडेला लागणाऱ्या चायनीजच्या गाडीला मॉलची वाट बघावी लागली नाही. त्या गाडीवरचं मंचुरियन तर मंचुरियात कुणाला माहीतही नसेल. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेऊन ते जमवलं. चिकनच्या जागी पत्ताकोबी आली आणि ते विदर्भातल्या लग्नांच्या बुफेपर्यंत पोचलं. आता बुफेत पास्त्याचा काउंटर असतो आणि वरणभाताच्या टेबलापेक्षा तिथली रांग लांब असते. तक्रार कुणाची नसते. म्हातारी माणसंही प्लेट घेऊन उभी राहतात, ‘शेवया हायेत’ म्हणतात आणि खातात.

तेव्हा परक्या पदार्थाला आपला माणूस बुजतो, असं मला वाटत नाही. मला कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. जे आपण पोत्यांनी पिकवतो आणि तोंडात मात्र घालत नाही, ते कुणीतरी आपल्यासमोर ताटात आणून ठेवतं तेव्हा काय होतं?

सोयाबीन आमच्या भागात असंच पीक आहे. तेही मूळचं परदेशी, चीनकडचं. विदर्भात ते 1980 नंतर हळूहळू आणि पुढच्या दशकात भराभर पसरलं. 1994 साली प्रसारित झालेल्या जबलपूरच्या जेएस-335 या वाणाने तर ते घरोघरी नेलं. ज्वारीला पाखरं राखावी लागायची, परतीच्या पावसात कणसं काळी पडायची. सोयाबीन शंभर दिवसांत मोकळं होतं, मागे हरभऱ्याला रान मिळतं, दसरा-दिवाळीला हातात पैसा येतो. शेतकऱ्याने विचार करूनच ते निवडलं. पण ज्वारी गेली तशी घरातली भाकर कमी झाली, कडबा गेला, कडब्यावरची जनावरं गेली. आणि पहिल्यांदाच असं दाण्याचं पीक शिवारभर उभं राहिलं, ज्याची चुलीशी ओळख नव्हती. हरभऱ्याचे सोले निघतात, टहाळ भाजतात, ज्वारीचा हुरडा होतो, तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून धुऱ्यावर बसून खातात. सोयाबीनचं असं काही नाही. ते सोंगायचं, सुडी लावायची, मळणी करायची, कट्टे भरायचे आणि कारंजाला नाही तर वाशिमला नेऊन घालायचे. परत घरी येतं ते तेलाच्या डब्यातून आणि दुकानातल्या वड्यांच्या पुड्यातून. दाण्यात तेल असतं अठरा-वीस टक्के. ते काढल्यावर उरलेली ढेप बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी जाते.

म्हणजे इंझोरीचं जगाशी नातं आहेच, पण ते भावाचं. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, अर्जेंटिनात पीक कसं आहे, शिकागोचा बाजार चढला की पडला, यावर आमच्या पोत्याची किंमत हलते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे दिल्लीने आयातशुल्क एका बोटाने हलवलं तरी इथे धक्का बसतो. 2024 च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क वीस टक्के केलं, 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस ते दहावर आणलं. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. त्याच महिन्यात सरकारने बारा लाख टन ढेप आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल निघेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. ज्यांनी त्या ऑगस्टमध्ये घरातले शेवटचे कट्टे विकले ते अजून सांगतात, आणि ज्यांनी ठेवले तेही सांगतात. पारावर बसलेल्या माणसाला ब्युनोस आयर्सचा पाऊस कळतो. तिथली माणसं जेवतात काय, हे कळायचं मात्र काही कारण नव्हतं.

मामा-मामी इंझोरीहून पुण्याला आले, तेव्हा त्यांना जेवायला मॉलमध्ये न्यायची कल्पना माझ्या बायकोची. विमाननगरचा मॉल. चिनी, जपानी, थाई, कोरियन असं सगळं एकाच छपराखाली देणारं हॉटेल. कार्ड नव्हतंच, टेबलावर चौकोनी ठिपक्यांची चकती होती, ती मोबाईलने टिपायची. मामांचा फोन बटनांचा. मामींनी आधीच जाहीर केलं होतं, ‘तुमी जे घ्यान ते मी खाईन, फक्त त्यात वळवळतं काही नोको.’ बायकोने सुरुवातीला म्हणून शेंगा मागवल्या. नाव तिने जपानीच सांगितलं, त्यामुळे काय येणार आहे ते मामांना कळलं नाही.

बांबूच्या टोपलीत वाफाळलेल्या हिरव्या शेंगा आल्या, वर जाड मिठाचे खडे. मामांनी एक उचलली. तोंडाकडे नेली नाही, उजेडाकडे धरली. अंगठ्याने शेंगेवरून खालून वर दाब देत गेले. दाणे मोजायची शेतकऱ्याची हीच रीत. मग नखाने शिवण उसवली, आत अळीने पोखरलंय का ते पाहिलं.

‘बापू, हे त सोयाबीन हाय.’

‘हो मामा.’

‘तीन दान्याची हाय. पन हिरवीच तोडली ना बाप्पा यायनं. अजून पंधरा-वीस दिस उभी राह्यली असती त दाना टनक झाला असता.’

मी सांगितलं की हे खायचं असतं तेच असं, दाणा भरत आला आणि शेंग अजून हिरवी आहे तेव्हा. नंतर त्यात गोडी राहत नाही. मामांना ते पटलं, कारण हुरड्याचंही तसंच असतं. पण हात काही पुढे गेला नाही. उभं पीक कोवळं तोडणं त्यांच्या अंगाविरुद्ध होतं. मामींनी तोवर तीन-चार शेंगा दातांत धरून ओढून दाणे काढले होते आणि टरफलं बशीच्या कडेला नीट एका दिशेने लावून ठेवली होती. त्या म्हणाल्या, ‘तुरीच्या शेंगा उकडतो तशाच त हायेत. मीठ जास्त हाय उलीसं.’

हे असं इतक्या सहज होईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. परदेशी जेवणाची ओळख करून द्यायची म्हणून मी मनात दोन-चार वाक्यं जुळवून आलो होतो; ती तशीच राहिली. मामींना जपान परका वाटलाच नाही. परकं होतं ते सोयाबीन. इतकी वर्षं त्यांनी ते निंदलं, सोंगलं, त्याचे कट्टे शिवले, पण त्याची चव त्यांना पुण्यात कळली.

वाढणारा मुलगा मणिपूरचा होता. अशा हॉटेलांत ईशान्येकडची पुष्कळ मुलं असतात. मालकांना चेहरा चालतो, गिऱ्हाइकांना वाटतं पदार्थ अस्सल आहे. त्याने मामांना शेंग निरखताना पाहिलं आणि हिंदीत विचारलं, काही खराब आहे का. मामा म्हणाले, ‘खराब नहीं, हमारे खेत में यही है. पंधरा एकर.’ मुलगा हसला. ‘अंकल, हमारे घर में भी होता है. हम लोग सड़ा के खाते हैं.’

‘सडा के? बास नहीं आती?’

‘आती है ना. वही तो मज़ा है.’

त्याच्याकडे त्याला हवाइजार म्हणतात. सोयाबीन शिजवायचं, पानांत गुंडाळून उबेला ठेवायचं, काही दिवसांत ते तार सुटून आंबतं. नागालँडमध्ये अखुनी, दार्जिलिंग-सिक्कीमकडे किनेमा, जपानात नातो, असं हे एकच कूळ आहे. दिल्लीत भाड्याने राहणाऱ्या ईशान्येकडच्या मुलांनी ते शिजवलं की शेजारी वासावरून भांडतात, आणि त्यावर ‘अखुनी’ याच नावाचा एक चित्रपटही 2019 साली आला. म्हणजे सोयाबीन खाणारे लोक शोधायला जपानपर्यंत जायचं कारण नव्हतं, ते आपल्याच देशात होते. आमच्याकडे बियाणं आलं, खत आलं, तणनाशक आलं, हमीभाव आला; ते खायचं कसं एवढं मात्र त्याच्याबरोबर कुणी धाडलं नाही. पीक येताना एकटं आलं.

मामा आणि तो मुलगा बोलत राहिले. त्याच्या घरी किती होतं, कधी पेरतात, डोंगरात बैल चालतो का. दुसऱ्या टेबलावरचे लोक पाण्यासाठी हात वर करत होते. मला थोडं अवघडल्यासारखं झालं, मामांना नाही. गावच्या पंगतीत वाढणारा ओळखीचा असतो, तो दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नाही. इथे त्याला वेळेचं बंधन आहे, हे मामांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बिल आलं. शेंगांचे साडेतीनशेच्या आसपास, वर पाच टक्के जीएसटी. टोपलीत शेंगा होत्या दोन ओंजळी. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, म्हणजे किलोला एकोणपन्नास रुपये धड नाहीत. आणि बाजारात दर त्याच्याही खाली होता. हिशेब मनात झाला, मी बोललो नाही. पण हा हिशेब सांगून शेतकऱ्याची लूट वगैरे म्हणायचा जो प्रघात आहे, तो मला लबाडीचा वाटतो. त्या साडेतीनशेत मॉलचं भाडं आहे, आणि मॉलचं भाडं बहुधा ठरीव रक्कम किंवा विक्रीतला हिस्सा, यातलं जे जास्त ते असतं. थंडगार हवा आहे, गोठवलेला माल साठवायचा खर्च आहे, मणिपूरच्या मुलाचा पगार आहे, त्या दिवशी न खपलेलं जे टाकून द्यावं लागलं तेही आहे. शेंगा त्यात नावापुरत्या. आपण पैसे देतो ते बसायचे, आणि कुणी उठवत नाही त्याचे.

मला सलली ती दुसरीच गोष्ट. सरकारी खरेदी केंद्रावर सोयाबीनचा ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो. यंत्राची सुई पुढे गेली की माल परत, नाहीतर व्यापाऱ्याच्या दारात कपात. 2024 च्या नोव्हेंबरात ती मर्यादा पंधरावर नेली, तोवर अनेकांनी गरजेपोटी विकून टाकलं होतं. माणसं अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरून पायाने वरखाली करत बसतात, ते त्या ओलाव्यासाठी. आणि मॉलमध्ये किंमत आहे ती नेमकी ओलाव्याचीच. वाळला की तोच दाणा तिथे कामाचा नाही. एकाच पिकाच्या आयुष्यातले हे पंधरा दिवस. त्यांच्या एका टोकाला बांबूची टोपली आहे आणि दुसऱ्या टोकाला ताडपत्री.

जाता जाता एक. नागपूरच्या एम्प्रेस मॉलमध्ये आमच्याकडची मंडळी कारंजाहून समृद्धी महामार्गावर चढून दोनेक तासांत पोचतात. तो मॉल उभा आहे जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलच्या जागेवर; ती मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली होती. मुंबईत लोअर परळचा फिनिक्सही गिरणीच्याच आवारात आहे. कारंजाचा कापूस ओढायला ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद रूळवाट घातली होती, तीही आता बंद आहे. कापूस जिथे जायचा तिथे आता आम्ही जेवायला जातो. त्यावर हळहळावं की नाही, माझं काही ठरत नाही. गिरणीतली धूळ खाण्यापेक्षा नूडल्स बऱ्या, असं गिरणीत काम केलेला माणूस म्हणाला तर मी वाद घालणार नाही.

मामा गावी गेल्यावर सप्टेंबर आला. शेंगा भरत होत्या. मामींनी एके संध्याकाळी सहज म्हणून सोयाबीनच्या दोन फांद्या तोडून आणल्या आणि मामांनी त्या दारातच अडवल्या. उंटअळीसाठी फवारणी नुकतीच झाली होती. पांढऱ्या माशीने येलो मोझॅक पसरतो म्हणून तिच्यासाठी आधी एक झाली होती, ती वेगळीच. डब्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, पण ते वाळल्या दाण्याच्या हिशेबाने. उभ्या शेतात शिरून कुणी हिरवी शेंग खाईल, हे सहसा कुणाच्या मनातच येत नाही. फांद्या उकिरड्यावर गेल्या. पंधरा एकर सोयाबीन दाराशी, आणि त्यातली एक शेंग खाता येत नाही.

भाजीसाठी खायचं सोयाबीन म्हणून वेगळी वाणं आपल्याकडेही आहेत; रांचीच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेलं ‘स्वर्ण वसुंधरा’ त्यातलंच. मी मामांना फोनवर ते सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘घेईन कोन?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोडल्यावर काही तासांत गार करावं लागतं, तसं गिऱ्हाईक मोठ्या शहरात, आणि मॉलचा माणूस एका इंझोरीच्या शेतकऱ्याकडून आठवड्याला वीस किलो शेंगा घ्यायला बसलेला नाही.

मामींनी मात्र बाजाराचा विचार केला नाही. पुढच्या खरिपात त्यांनी विहिरीजवळ, भेंडी-गवार लावतात तिथे सोयाबीनचं एक तास टाकलं आणि फवारणीच्या पंपाला तिकडे फिरकू दिलं नाही. अळीने तिचा वाटा घेतला. उरलेल्या शेंगा त्यांनी उकडल्या, पण नुसत्या मिठात नाही; दाणे काढून लसूण-मिरचीची फोडणी दिली. मामांचं मत पडलं की तुरीच्या शेंगेची सर नाही, आणि त्यांनी दुसऱ्यांदा घेतलं.

त्या रात्री मामींचा फोन आला. मला वाटलं कौतुक सांगतील. त्या म्हणाल्या, ‘बापू, त्या हाटेलात पुन्हा जाशीन त त्या पोराले इचारजो, ते पानात बांधून ठेवतेत ते किती दिस? अन् पान कायचं?’ मागून मामांचा आवाज ऐकू आला, ‘ठेवाचं असन त गोठ्यात ठेव म्हना. घरात नोको.’